टिपाडांमागची खिडकी

आमच्या घरात वाचायला जागा नव्हती असं मी कुठं बोलले की आमच्या ह्यांना राग येतो. "दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर गच्ची. अजून काय राजवाडा पाहिजे?" हे लातुरातल्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहेत, आणि जगातली प्रत्येक गोष्ट मोजून बघायची त्यांना खोड आहे. पण वाचायची जागा चौरस फुटात नसते हो. तिथं बसल्यावर कुणी "अगं, जरा सरक" म्हणू नये, एवढंच तिचं माप. त्या मापानं बघितलं तर आमच्या घरात मला पाट टेकवण्याएवढीही जागा नव्हती. मी चाकूरला कचेरीत कारकून. रोज बसनं अपडाऊन. वीस वर्षांचं माझं सगळं वाचन बसमध्ये झालं, तेही खिडकीशेजारी बसायला मिळालं तर. घरी पुस्तक उघडलं की कुकरची शिट्टी, दारावर भाजीवाली, नाहीतर ह्यांचं "माझा पाना कुठं ठेवलास?" सुरू.

तशी एक जागा होती. जिन्याखाली. गच्चीवर जायचा जिना आमच्या पुढच्या खोलीतूनच वर जातो. त्याच्या पोटाखाली चांगली आठ फूट लांब जागा आणि तिथं पूर्वेला एक खिडकी. पण लग्न होऊन आल्यापासून त्या खिडकीतून मी कधी बाहेर बघितलं नव्हतं, कारण तिच्यापुढं पाण्याची टिपाडं, दोनशे लिटरची पिंपं, उभी असायची. आधी लोखंडी होती, मग निळी प्लास्टिकची आली. आधी तीन होती. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात पाच झाली. ही सगळी टिपाडं माझ्या सासूबाईंची. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात, मीही आत्याच म्हणते.

लातुरात नळाला रोज पाणी येत नाही. कधी आठ दिवसांनी येतं, कधी दहा. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं की तो तोंड वासतो, आम्हाला आता त्याचं काही वाटत नाही. पाणी आलं की आत्यांच्या अंगात वारं शिरायचं. वय सत्तरीच्या पुढं, गुडघे कुरकुरतात, पण नळाची नळी त्या दुसऱ्याच्या हातात देत नव्हत्या. जुन्या लुगड्याची चौघडी घालून पाणी गाळायचं, तुरटीचा खडा तीनदा फिरवायचा, वर धुतलेलं फडकं बांधायचं. पाच टिपाडांची पाच फडकी, आणि गाठ कुठल्या बाजूला आहे त्यावरून त्यांना कळायचं की हे पाणी प्यायचं, हे स्वयंपाकाचं, हे मागच्या खेपेचं, आता धुण्याभांड्याला. लिहिता येत नाही त्यांना, पण गाठ कधी चुकली नाही. आम्हाला कुणालाच टिपाडात हात घालायची परवानगी नव्हती. लांब दांड्याचं ओगराळं होतं, ते आत्यांच्या हातात. पाणी पाहिजे तर आत्यांना म्हणायचं.

आणि द्यायलाही त्यांना फार आवडायचं. टपालवाला येवो, गॅसवाला येवो, पत्ता चुकलेला कुणी येवो. "बस की, पाणी पी." तांब्या आणि फुलपात्र पुढं. माझ्या लग्नाच्या पहिल्या वर्षी दारावर केरसुणी विकणारी आली, तिनं सवयीनं ओंजळ पुढं केली आणि मी वरून पाणी ओतायला गेले. आत्यांनी माझ्या हातातला तांब्या घेतला, फुलपात्र भरून तिच्या हातात दिलं आणि दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मला वाटलं, तऱ्हेवाईक बाई आहे. झालं, तिथंच मी तो विषय सोडून दिला.

तीन वर्षांपूर्वी माझे वडील, आमचे दादा, गेले. माझं माहेर हदगाव. वडील तिथं एका सरकारी कचेरीत शिपाई होते, सातवी शिकलेले. दर वर्षी ऑक्टोबरात नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे. जाताना पिशवीत ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा, येताना त्याच पिशवीत पुस्तकं. आई म्हणायची, "पोरांना चपला आणायच्या होत्या." ते म्हणायचे, "पुढच्या साली." असे किती तरी पुढचे साल गेले, पण पुस्तकं चारशेच्या वर झाली. संध्याकाळी दारात पोतं टाकून मोठ्यानं वाचायचे आणि गल्लीतली माणसं ऐकायला बसायची. ते गेल्यावर भाऊ म्हणाला, घर पाडून नवं बांधायचं आहे, पुस्तकं तू ने, न्हाई तर वाळवी खाईल. टेम्पोत चार पेट्या आल्या. सोबत भावानं गादी भरायला सरकी काढलेला पोतंभर कापूस दिला. बहिणीला रिकामं कसं पाठवायचं म्हणून.

पेट्या पलंगाखाली मावेनात. दोन खाली, एक कपाटावर, एक न्हाणीच्या भिंतीला लागून. त्या भिंतीला ओल आली आणि त्या पेटीतली खालची थप्पी भिजून फुगली. ती उन्हात वाळवताना मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो, हा माझा जन्मजात स्वभाव. वडिलांची पुस्तकं न्हाणीपाशी आणि पाणी मात्र पुढच्या खोलीत, खिडकीत, मानानं उभं. मी त्याच दिवशी ठरवलं, जिन्याखालची जागा पुस्तकांना पाहिजे.

तोवर ह्यांनी बोअर घेतलं होतं आणि गच्चीवर हजार लिटरची टाकी बसवली होती. म्हणजे माझी बाजू भक्कम. मी आत्यांना म्हणाले, "आत्या, आता टाकी झाली. ही टिपाडं काढू या का? खिडकी मोकळी होईल, तिथं दादांची पुस्तकं लावते."

"तिथं पाणी हाय माय," आत्या म्हणाल्या.

"टाकीत पण पाणीच हाय."

"हाय. पर ते दिसत न्हाई."

ह्यांनी मग गणित मांडलं. टाकीत हजार लिटर, पाच टिपाडांतही हजार लिटर, मग टिपाडांची गरज शून्य. आत्यांनी मान डोलावली. "हाव, बरोबर हाय लेकरा," म्हणाल्या आणि तिसऱ्या टिपाडाचं फडकं सोडून परत घट्ट बांधायला लागल्या. त्यांच्याशी भांडायची सोयच नव्हती. वाद घालणारी सासू परवडली, ही हाव म्हणणारी नको, असं मी ह्यांना म्हणाले. "हदगावच्या माणसाला कुणीच परवडत न्हाई," हे म्हणाले.

त्यानंतर फेब्रुवारीत आत्या मुरुडला गेल्या, नातीच्या बाळंतपणाला. पंधरा दिवस राहणार होत्या. त्यांची बस हलली आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. मला माहीत होतं मी काय करून राहिले ते. विचारलं असतं तर त्या न्हाई म्हणाल्या नसत्या, पण टिपाडं काढूही दिली नसती. म्हणून विचारायचंच नाही. रविवार बघून मी पदर खोचला.

दोन टिपाडांचं पाणी शेजारणींना हंड्यांनी देऊन टाकलं. रिकामी टिपाडंही त्यांनीच धान्य ठेवायला नेली. उरलेली तीन काही केल्या हलेनात. शेवटी मी एकेक तिरकं केलं आणि पाणी उंबऱ्याबाहेर सोडलं. सहाशे लिटर. गल्लीतून पाणी पार कोपऱ्यापर्यंत गेलं. खरं सांगते, मला मजा वाटली. अंगावरचं ओझं उतरावं तसं मोकळं वाटलं. तेवढ्यात कापूस पिंजून गादी भरायला सांगितलेले चाचा आले. त्यांनी ओली गल्ली बघितली आणि चप्पल हातात घेऊन कडेकडेनं, पाण्यात पाय न पडू देता आले.

"नळ फुट गया क्या, बाजी?"

"न्हाई चाचा, मीच सांडलं. जागा करायची होती."

ते "अच्छा" म्हणाले आणि कापसाचं पोतं उघडून कामाला बसले. एरवी फार बोलणारा माणूस, पण त्या दिवशी गादी होईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मी त्याचा अर्थ लावायच्या भानगडीत पडले नाही.

रिकामी तीन टिपाडं ह्यांनी गच्चीवर नेऊन पालथी घातली. जागा मात्र काय झाली म्हणून सांगू. ह्यांनी प्रयोगशाळेतल्या मोडक्या कपाटाच्या फळ्या रीतसर विचारून आणल्या आणि जिन्याच्या उताराला धरून कापल्या. उंच पुस्तकं उंच बाजूला, मग कमी कमी होत शेवटी पुस्तिका. भिंतीला पिस्ता रंग दिला. खिडकीच्या गजांवर कित्येक वर्षांची जळमटं होती, ती खरवडली, तर पलीकडच्या रिकाम्या प्लॉटातलं बाभळीचं झाड दिसलं. मला माहीतच नव्हतं तिथं झाड आहे. खाली माहेरच्या कापसाची गादी, पाठीला लोड, डोक्यावर एक दिवा. पहिल्या संध्याकाळी मी तिथं पाय पसरून बसले आणि दोन तास कुणी मला सरक म्हणालं नाही. हे स्वतः चहा घेऊन आले. हा आमच्या संसारातला मोठाच प्रसंग म्हणायचा.

आत्या परतल्या. आठ दिवस मी भांडणाची तयारी केली होती, कुठलं बोलणं आलं तर काय उत्तर द्यायचं ते सगळं पाठ. आत्या पिशवी खाली ठेवून जिन्याखाली आल्या. टिपाडं जिथं होती तिथल्या भिंतीवरून त्यांनी हात फिरवला. रंग वाळलेला होता. मग खिडकीतून बाहेर बघितलं.

"उजेड आला," त्या म्हणाल्या. "बरं केलंस."

एवढंच. उलट आत जाऊन आपल्या ट्रंकेतली स्वतः शिवलेली वाकळ काढून आणली आणि गादीवर अंथरली. "उघड्या गादीवर बसू नये. मळतं." मी ह्यांना म्हणाले, बघा, मी उगीच घाबरत होते. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी पुरणपोळ्या केल्या. ओगराळं मात्र आत्यांनी कुठं ठेवलं ते मला दिसलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

आता नळाचं पाणी थेट टाकीत जाऊ लागलं. बोअरचं पाणीही त्याच टाकीत, त्यामुळं ते प्यायला मचूळ लागायचं. म्हणून प्यायला वीस लिटरचा जार लावला. अख्खं लातूर जारचं पाणी पितं, त्यात काय. जारवाला एक दिवसाआड यायचा. होळीच्या वेळी दोन दिवस तो आलाच नाही. मी बस पकडायच्या घाईत चप्पल घालता घालता म्हणाले, "आत्या, जारचं पाणी जपून हं. परवापर्यंत पुरवायचंय." आत्या म्हणाल्या, "हाव." मी गेले. हे वाक्य मी बोलले हेही मला नंतर आठवत नव्हतं.

मार्च संपला, ऊन चटका देऊ लागलं. आत्यांचं तोंड सुकलेलं दिसायचं. मी विचारलं की म्हणायच्या, "उन्हाचे दिस हायत." जेवताना त्यांच्यापुढं भरलेलं फुलपात्र असायचं आणि ताट उचलताना ते जवळपास तसंच असायचं. ते पाणी त्या परत झाकून ठेवायच्या. दुपारचा चहा सोडला. दारावर कुणी आलं तर पूर्वी "बस की" म्हणणाऱ्या आत्या आता मला हाक मारायच्या, "कोण आलंय बघ." मी हे सगळं बघत होते. पण बघणं आणि दिसणं ह्यात फरक असतो. मी जिन्याखाली बसून वडिलांची पुस्तकं एकामागून एक संपवत होते.

एप्रिलच्या मध्यावर एका सकाळी आत्या न्हाणीच्या दारात चक्कर येऊन बसल्या. अंगात ताप, लघवीला आग. गल्लीच्या कोपऱ्यावर डॉक्टर आहेत, त्यांनी तपासून सलाईन लावलं. "आजी, शरीरात पाणीच नाही तुमच्या. किती पिता दिवसाला?" डॉक्टर मला बाहेर म्हणाले, औषध देतो, पण पाणी पोटात गेलं नाही तर मूत्रपिंडावर जाईल, मग ॲडमिट करावं लागेल. सत्तरीच्या पुढचं माणूस आहे, अंगावर काढू नका.

घरी आणून पलंगावर झोपवलं. मी फुलपात्र घेऊन बसले. आत्यांनी एक घोट घेतला आणि फुलपात्र बाजूला केलं. "बास." मी रजा काढलेली, सकाळपासून नुसती धावपळ, आणि मघाशी सांगितला तो माझा स्वभाव. मी तडकले.

"पाण्याला काय काटे हायत का, आत्या? एवढं भरलेलं घर आहे आणि तुम्ही तहानलेल्या मरणार का? लोक काय म्हणतील, सुनेनं पाणी पाजलं न्हाई?"

आत्यांनी फुलपात्र आणखी बाजूला सरकवलं. मग म्हणाल्या, "तू म्हणालीस ना, जपून."

"मी? कधी?"

"होळीला. जार यायचा होता तवा."

"अहो आत्या, ते आपलं घाईत म्हणाले मी. तुम्हाला थोडंच म्हणाले पिऊ नका म्हणून."

"हाव. तू वाईट म्हणली न्हाईस." त्या माझ्याकडं बघत होत्या, रागानं नाही. "त्या बी वाईट म्हणत नव्हत्या."

"कोण त्या?"

मग त्यांनी सांगितलं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांचं माहेर चाकूरच्या पलीकडचं एक खेडं, मी रोज ज्या रस्त्यानं जाते त्याच्या आतलं. गावची विहीर होती, आपल्या लोकांनी तिला हात लावायचा नाही. दहा पावलांवर एक चपटा दगड होता, तिथं घागर ठेवून बसायचं. आत्यांची आई मजुरीला जायची, म्हणून आठ-नऊ वर्षांची ही पोर घागर घेऊन बसायची. गावातल्या बाया यायच्या, आपलं पाणी शेंदायच्या, आणि कुणाच्या मनात आलं तर वरून हिच्या घागरीत ओतायच्या. "समद्या वाईट नव्हत्या," आत्या म्हणाल्या. "एक होती, लई मायाळू. पाणी वतायची आन म्हणायची, जपून वापर गं पोरी, परत मी येणार न्हाई. रोज म्हणायची."

"तुम्ही मागत नव्हता?"

"मागितलं की उशीर व्हायचा. म्हणायच्या, लई तोंड सुटलंय हिला. गुमान बसलं की लवकर मिळायचं. मग मागायचंच न्हाई, असं हाडात बसलं. पुढं पुढं तहान बी लागंना." त्या उशीवर जरा वर सरकल्या. "लातूरला लगीन होऊन आले, तर सासऱ्याच्या दारात नळ. आपला नळ. पैल्या दिवशी मी हंडा भरला, कळशी भरली, परात भरली, तवा बी भरला. सासू हसली. मग सासऱ्यानं टिपाड आणून दिलं. टिपाड भरलेलं असलं की कुणाला इचारायचं न्हाई. उलट दारात आलेल्याला मीच देते."

ओंजळ पुढं करणारी ती केरसुणीवाली आणि माझ्या हातातून काढून घेतलेला तो तांब्या मला आठवला. जिन्याखाली, वाकळीवर, मी मघाशी उपडं ठेवलेलं पुस्तक होतं. तळ्याच्या पाण्यासाठी आपली माणसं हजारोंनी चालत गेली, त्या दिवसांची हकिगत. वडिलांनी लाल पेन्सिलीनं पानं भरून टाकलेली. मी ते तिसऱ्यांदा वाचत होते आणि वाचताना माझे डोळे भरून यायचे. ते वाचायला जागा व्हावी म्हणून मी सहाशे लिटर पाणी गल्लीत सोडलं होतं, आणि जिला लहानपणी विहिरीच्या पाण्याला हात लावता आला नव्हता ती बाई माझ्याच घरात घोट मोजून पीत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी उठून गच्चीवर गेले आणि तिथं पालथी घातलेली तीन टिपाडं बघत उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी आणि मी टिपाडं खाली आणली. मी फळ्या काढायला स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला, तर पलंगावरून आत्यांचा आवाज आला. "फळ्या काढू नको. तुझ्या बापाची पुस्तकं कुठं ठेवशील?"

"ठेवीन कुठं तरी."

"कुठं तरी म्हणजे न्हाणीपाशी. गप ठेव ते पेचकस."

मग मापं सुरू झाली. ह्यांना तेच हवं असतं. गादी अर्धी दुमडली. एक टिपाड फळ्यांच्या खाली, उताराच्या बाजूला, झाकण जेमतेम उघडतं. दोन खिडकीच्या एका अंगाला. खिडकी निम्मी झाकली गेली, बाभूळ निम्मी दिसते. पाय पसरता येत नाहीत, गुडघा टिपाडाला लागतो. सुरेख वगैरे काही राहिलं नाही. मी कपाटावर, माळ्यावर, सगळीकडं शोधून शेवटी आत्यांच्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली ठेवलेलं ओगराळं काढलं, घासलं आणि त्यांच्या उशाशी ठेवलं.

पण टिपाडं रिकामी होती, टाकीतलं मचूळ पाणी त्यांत भरण्यात अर्थ नव्हता आणि नळ यायला अजून पाच दिवस होते. ते पाच दिवस मी विसरणार नाही. आत्या औषध घ्यायच्या, तेवढ्यापुरता घोट घ्यायच्या. मी हात जोडले, रडले, शपथ घातली. जारचे दोन दोन कॅन आणून समोर मांडले. "पिते की," त्या म्हणायच्या आणि ओठ ओले करायच्या. त्या हट्ट करत नव्हत्या. त्यांना खरंच जमत नव्हतं. ताप उतरत होता आणि परत चढत होता. डॉक्टरांनी आणखी एक सलाईन लावलं आणि म्हणाले, सोमवारी फरक नसेल तर भरती करू.

नळ रविवारी आला. आत्या पलंगावरून उठल्या. आम्ही दोघं नको नको म्हणत होतो. भिंत धरत त्या जिन्याखाली आल्या, नळी हातात घेतली, लुगड्याची चौघडी टिपाडाच्या तोंडावर धरायला मला सांगितलं. मधून मधून पायरीवर टेकत होत्या. तीन टिपाडं भरली. तुरटी फिरवली. फडकी बांधताना गाठी कुठल्या बाजूला आल्या पाहिजेत ते त्यांनी मला दाखवलं, पहिल्यांदाच. मग त्या पायरीवर बसून राहिल्या. मी फुलपात्र भरून देऊ का विचारलं. "निवळू दे," म्हणाल्या.

दुपारी हे बाहेर गेले होते. मी उरलेल्या अर्ध्या गादीवर गुडघे पोटाशी घेऊन बसले. वाचण्यात कसलं लक्ष. पुस्तक नुसतं हातात. आत्या टिपाडाशेजारी, पायरीवर, ओगराळं मांडीवर घेऊन. सोमवार डोक्यावर बसलेला. माझाही घसा कोरडा पडला होता. मी म्हणाले, "आत्या, मला पाणी द्या."

त्यांनी लगेच फडकं सोडलं, फुलपात्र भरलं, माझ्या हातात दिलं आणि मी पिऊन होईपर्यंत माझ्याकडं बघत राहिल्या.

"काय वाचून राहिलीस?" त्यांनी विचारलं. माझीच हदगावची बोली, माझ्यावर.

"तळ्याचं."

"मोठ्यानं वाच."

मी वाचायला लागले. वडील वाचायचे तसं, सावकाश. कुठकुठून माणसं आली, कोण पुढं चाललं, उन्हं कशी होती. तळ्याच्या काठापर्यंत मी पोचले तेव्हा आत्यांनी हात वर केला.

"ते समदं ठावं हाय मला. विहारात गाण्यात ऐकलंय. पाणी प्याले, ते बी ठावं हाय." त्या पुढं वाकल्या. "पोटभर प्याले का, ते लिहिलंय का बघ."

मी ते पान परत वाचलं. मागचं वाचलं, पुढचं वाचलं. ओंजळीनं पाणी घेऊन प्याले, एवढंच लिहिलं होतं. आत्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. त्यांना अक्षर येत नाही. मी पानावर बोट ठेवलं.

"हाव आत्या. लिहिलंय. पोटभर प्याले."

"समदे?"

"समदे. बाया बी. लेकरं बी."

"कुणी थांब म्हणलं न्हाई?"

"कुणीच न्हाई."

आत्यांनी ओगराळं टिपाडात घातलं, फुलपात्र काठोकाठ भरलं आणि दोन्ही हातांनी धरून, न थांबता पिऊन टाकलं. मग दुसरं भरलं.